मराठवाड्यापासून राज्यापर्यंत : शिंदे समितीची कार्यकक्षा आणि तिचे परिणाम

मराठवाड्यातील मराठा समाजातल्या पात्र व्यक्तींना कुणबी जातीचा दाखला कसा द्यायचा, याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीला मुदत महिनाभराची होती आणि तिची हद्द छत्रपती संभाजीनगर विभागातल्या आठ जिल्ह्यांपुरती होती. आठ आठवड्यांत ही हद्द पुसली गेली. ३ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने समितीला सारे राज्य खुले झाले. महिनाभराचे काम पुढे दोन वर्षांहून अधिक चालले आणि समितीच्या कार्यकक्षेत झालेल्या प्रत्येक बदलाचे पडसाद दप्तरखान्यांपासून रस्त्यांपर्यंत उमटले.

या प्रश्नाचे मूळ हैदराबाद संस्थानात आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठीभाषक जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. माणसे आणि जमिनी आल्या, पण कागदपत्रांचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. जे इकडे राहिले ते बरेचसे उर्दू, फारसी किंवा मोडीत होते. विदर्भाचे तसे नव्हते. तिथे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या ब्रिटिश प्रशासनात गावोगावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसह होत असत. त्यामुळे विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाला कुणबी असल्याचा कागद मिळवणे तुलनेने सोपे होते. कोकणातही कुणबी नोंदी भरपूर होत्या. मराठवाड्यात मात्र तीच शेती कसणाऱ्या कुटुंबाच्या कागदावर ‘मराठा’ लिहिलेले असे, नाहीतर कागदच सापडत नसे.

आरक्षणाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरला. कुणबी जात इतर मागासवर्गीयांच्या यादीत पूर्वीपासून होती, आणि १ जून २००४ च्या शासन निर्णयाने ‘मराठा-कुणबी’ व ‘कुणबी-मराठा’ या नोंदींनाही त्या यादीत जागा मिळाली. पण कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते, आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. मराठा समाजाला स्वतंत्र आरक्षण देणारा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केल्यावर कुणबी दाखल्याची वाट हीच मराठवाड्यातल्या अनेकांना उरलेली वाट वाटू लागली.

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावात मनोज जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी कुणबी दाखल्यांच्या मागणीसाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला. गावकरी आणि पोलीस दोन्हीकडचे लोक जखमी झाले, राज्यभर बंद पुकारले गेले आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घडल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. ७ सप्टेंबरचा शासन निर्णय या आठवड्यातून जन्मला. घाईची छाप त्याच्या मुदतीवर सर्वांत स्पष्ट दिसते. पाऊण शतकाच्या दप्तराचा शोध तीस दिवसांत संपावा, अशी त्यात अपेक्षा होती.

समितीला नेमून दिलेले काम नीट पाहिले तर त्याचे दोन भाग होते. निजामकालीन पुरावे, वंशावळी, शैक्षणिक व महसुली नोंदी, निजामाच्या काळातले करार, संस्थानिकांनी दिलेल्या सनदी अशा पुराव्यांची वैधानिक व प्रशासकीय तपासणी करणे, हा पहिला. तपासणीअंती पात्र ठरणाऱ्या व्यक्तींना दाखला देण्याची कार्यपद्धती ठरवून देणे, हा दुसरा. मराठा आणि कुणबी एकच आहेत का, हा प्रश्न समितीपुढे ठेवलेलाच नव्हता. समाज मागास आहे की नाही, हाही नव्हता, कारण ते काम राज्य मागासवर्ग आयोगाचे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगासारखे स्थानही या समितीला नव्हते. ती शासन निर्णयाने बनलेली समिती होती. महसूल आणि विधी व न्याय विभागांचे वरिष्ठ सचिव, मराठवाड्याचे जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त अशी तिची प्रशासकीय घडण होती. कार्यकक्षेतल्या या मर्यादा कागदावर स्वच्छ होत्या. आंदोलनाच्या मंडपात त्या कोणी ठासून सांगितल्या नाहीत, आणि पुढच्या बहुतेक गैरसमजांची सुरुवात तिथे झाली.

पहिला वाद वंशावळीवरून झाला. ज्याच्याकडे जुनी नोंद आहे त्याला वंशावळ जुळवून दाखला, हा शासनाचा पवित्रा होता. ज्याच्या घरात जुना कागदच नाही त्याने वंशावळ कशाला जोडायची, असा जरांगे यांचा सवाल होता. ही अट काढा आणि मराठवाड्यातल्या मराठ्यांना सरसकट दाखले द्या, ही मागणी घेऊन उपोषण आणखी आठवडाभर चालले. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः अंतरवालीत आले आणि सतराव्या दिवशी उपोषण सुटले. दोनच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवानिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरात भरली. तिथे सिंचनाच्या आणि विकासाच्या मोठ्या रकमा जाहीर झाल्या, पण मराठवाड्याचे लक्ष तहसील कचेऱ्यांतल्या गठ्ठ्यांकडे लागले होते.

समितीचे खरे काम या गठ्ठ्यांत होते. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक जिल्ह्यात कुणबी नोंदी शोधण्याचे कक्ष उघडले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये समितीने छत्रपती संभाजीनगरपासून सुरुवात करून आठही जिल्ह्यांत बैठका घेतल्या. लोकांनी घरातले जुने कागद तिथे आणून दाखवावेत, असे आवाहन होते. शोधायच्या कागदांची यादी वाचली तरी एका संपूर्ण राज्ययंत्रणेचे चित्र उभे राहते. महसूल खात्याकडची खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवही, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, हक्क नोंद पत्रके. शाळांतले प्रवेश-निर्गम उतारे. भूमी अभिलेख खात्याकडचे पक्काबुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर. निबंधकाच्या कचेरीतली खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, इसार पावत्या. पोलिसांकडची क्राइम रजिस्टरे आणि अटक पंचनामे. उत्पादन शुल्क खात्याच्या मळी आणि ताडीच्या नोंदवह्या. वक्फ मंडळाकडचे मुंतखब. १९६७ पूर्वी नोकरीला लागलेल्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके.

कारण सरळ होते. जात लिहिण्याची पद्धत प्रत्येक खात्याची वेगळी होती, त्यामुळे कुणबी हा शब्द कुठे सापडेल याचा नेम नव्हता. एखाद्या माणसाचे आजोबा शेतीच्या कागदावर फक्त नावाने असत, शाळेत मराठा म्हणून, आणि चाळीस सालच्या एखाद्या खरेदीखतात साक्षीदार म्हणून सही करताना कुणबी म्हणून. नोंद सापडली तरी काम संपत नसे. मोडी किंवा उर्दू वाचणारा जाणकार आणायचा, त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचे, ते प्रमाणित करायचे, मग त्या नावापासून आजच्या अर्जदारापर्यंत पिढी जोडायची. मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे शासनाला या निमित्ताने प्रथमच इतक्या तीव्रतेने जाणवले. पुराभिलेखांकडे अनेक दशके झालेल्या दुर्लक्षाची किंमत मराठवाड्याने अशी मोजली.

पहिल्या अहवालाचे आकडे बोलके आहेत. सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांत कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०. म्हणजे लाखात सदुसष्टच्या आसपास. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मंत्रिमंडळाने हा अहवाल स्वीकारला, सापडलेल्या नोंदींवरून दाखले द्यायला मंजुरी दिली, आणि उर्दू व मोडी कागदांचे भाषांतर करून ते डिजिटल रूपात सर्वांना पाहता येतील अशी व्यवस्था करायचे ठरवले. समितीने नेमलेले काम प्रामाणिकपणे केले होते. पण ज्या प्रदेशातल्या लाखो कुटुंबांना उत्तर हवे होते तिथे साडेअकरा हजार नोंदी हे उत्तर पुरे पडणारे नव्हते.

तोपर्यंत परिस्थिती हाताबाहेर गेली होती. २५ ऑक्टोबरला जरांगे यांचे दुसरे उपोषण सुरू झाले होते. ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, माजलगावला आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवले गेले, काही भागांत संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. २ नोव्हेंबरला मंत्र्यांचे शिष्टमंडळ अंतरवालीत पोहोचले. त्यांच्याबरोबर निवृत्त न्यायमूर्ती सुनील शुक्रे आणि एम. जी. गायकवाड हेही होते. दोन्ही माजी न्यायमूर्तींनी आंदोलकांना समजावले की घाईत घेतलेला सरसकट निर्णय न्यायालयात टिकणार नाही. बोलण्यातून वाट निघाली ती समितीच्या कार्यकक्षेची. नोंदींचा शोध मराठवाड्यापुरता न ठेवता राज्यभर करायचा, समितीला मनुष्यबळ द्यायचे आणि २४ डिसेंबरपर्यंत काम संपवायचे, या तडजोडीवर उपोषण सुटले. दुसऱ्या दिवशी शासन निर्णय निघाला.

चालू चौकशीची कार्यकक्षा मध्येच वाढवणे महाराष्ट्रात आधीही घडले होते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू करताना १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट त्याच्या कार्यकक्षेत घातले. चौकशीचा आवाका वाढला की तिचा निष्कर्ष सौम्य होईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला, आणि ती शंका खरी ठरली नाही. शिंदे समितीच्या बाबतीत परिणाम वेगळ्या प्रकारचा झाला. इथे आवाका वाढल्याने निष्कर्षाची दिशा बदलली नाही, आकड्याचा अर्थ बदलला.

राज्यभर शोध सुरू होताच नोंदी हजारांवरून लाखांवर गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितलेला आकडा ५४ लाखांहून अधिक होता. पण त्यातला मोठा वाटा विदर्भाचा होता, कोकण आणि खानदेशाकडच्या नोंदीही लाखांत होत्या. म्हणजे जिथे कुणबी नोंद आधीपासून माहीत होती आणि जिथले लोक दशकानुदशके दाखले काढत आले होते, तिथलेच कागद या मोजणीत आले. मराठवाड्याचा वाटा लाखाच्याही आत राहिला. ज्या प्रदेशासाठी समिती नेमली होती त्याचा प्रश्न जवळजवळ होता तिथेच राहिला, आणि राज्याच्या चर्चेत मात्र ५४ लाखांचा आकडा गाजत राहिला.

त्या एका आकड्याने दोन्ही बाजू पेटल्या. नोंदी सापडल्या आहेत तर दाखले का अडतात, असे मराठा आंदोलक विचारू लागले. ५४ लाख नवे वाटेकरी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणात येणार, अशी भीती ओबीसी संघटनांत पसरली. ज्यांच्याकडे आधीच दाखला होता तेही या आकड्यात असू शकतात, हे सांगायचा प्रयत्न फारसा झाला नाही. १७ नोव्हेंबरला अंबड इथे, म्हणजे अंतरवालीच्या तालुक्याच्याच गावी, ओबीसींचा मोठा मेळावा भरला. मंत्री छगन भुजबळ त्याचे प्रमुख वक्ते होते. २६ नोव्हेंबरला हिंगोलीच्या सभेत त्यांनी शिंदे समिती बरखास्त करण्याची मागणी केली. त्यांचा युक्तिवाद कार्यकक्षेवरच उभा होता : समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींसाठी होती, ते काम झाले, आता तिची गरज उरलेली नाही. मंत्रिमंडळातला सदस्य मंत्रिमंडळानेच वाढवलेल्या कार्यकक्षेला जाहीर आव्हान देत होता. राजकीय हेतू काहीही असोत, त्या युक्तिवादात तथ्याचा अंश होता. हद्द का वाढवली याचे प्रशासकीय कारण शासनाने कधी नीट मांडले नाही.

याच काळात दुसऱ्या एका संस्थेच्या कार्यकक्षेवरूनही भांडण पेटले. राज्य मागासवर्ग आयोगाने फक्त मराठा समाजाचे मागासलेपण तपासावे, की सर्व समाजांचे सर्वेक्षण करावे, यावर आयोगातच मतभेद झाले. बालाजी किल्लारीकर, लक्ष्मण हाके अशा सदस्यांनी राजीनामे दिले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद निरगुडे यांनीही पद सोडले. त्यांच्या जागी सुनील शुक्रे आले, म्हणजे महिन्यापूर्वी अंतरवालीत मध्यस्थी करणारे तेच माजी न्यायमूर्ती. त्यांच्या आयोगाने जानेवारीअखेरीस राज्यव्यापी सर्वेक्षण केले, १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अहवाल दिला आणि २० फेब्रुवारीला विशेष अधिवेशनात मराठा समाजाला १० टक्के स्वतंत्र आरक्षण देणारे विधेयक मंजूर झाले. आंदोलकांचा मोठा गट त्यावर समाधानी नव्हता. त्याला ओबीसी यादीतला कुणबी दाखलाच हवा होता.

मराठवाड्यातल्या थोड्या नोंदींतून अधिक दाखले काढण्याची एक युक्ती तोवर पुढे आली होती. ज्याची नोंद सापडली त्याच्या नातेवाइकांनाही तिचा लाभ मिळावा, ही ती मागणी. अंतरवालीहून निघालेला मोर्चा २६ जानेवारी २०२४ ला नवी मुंबईतल्या वाशीला पोहोचला, आणि ‘सगेसोयरे’ या संज्ञेची व्याख्या करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी जरांगे यांच्या हाती दिला. २०१२ च्या जात प्रमाणपत्र नियमांत बदल करणारा तो मसुदा होता. त्यावर लाखोंनी हरकती आल्या आणि तो अंतिम झाला नाही. समितीच्या शोधात मराठवाड्याला पुरेशा नोंदी मिळाल्या असत्या, तर सोयरिकीच्या वाटेने दाखला मागण्याची वेळ बहुधा आलीच नसती.

समितीला मुदतवाढ मिळत राहिली. हैदराबादेतल्या दप्तरांचा शोधही तिच्या कामात होता. निजाम राजवटीतल्या जनगणना आणि गॅझेटियर यांच्याकडे लोकांचे लक्ष याच काळात वळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि विसाव्याच्या आरंभीच्या या ग्रंथांत मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत कुणब्यांची संख्या मोठी दाखवलेली आहे. अडचण एवढीच की गॅझेटियर माणसे मोजतो, नावे देत नाही. जिल्ह्यात अमुक इतके कुणबी होते यावरून समाजाविषयी तर्क करता येतो, पण एका विशिष्ट शेतकऱ्याचा पणजोबा कुणबी होता हे त्यातून सिद्ध होत नाही. कायदा मागतो तो हा दुसरा पुरावा.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस जरांगे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले. ३० ऑगस्टला सरकारने त्यांच्याशी बोलायला पाठवले ते न्यायमूर्ती शिंदे यांना. हैदराबाद गॅझेटियर लागू करून मराठवाड्यातला मराठा समाज कुणबी असल्याचे जाहीर करा, अशी मागणी समोर होती. समितीच्या अध्यक्षांना ते करण्याचा अधिकारच नव्हता. समाजाच्या मागासलेपणाचा निवाडा मागासवर्ग आयोगाचा, शासन निर्णय काढणे सरकारचे, समितीचे काम नोंदी शोधण्याचे आणि पद्धत सांगण्याचे. ७ सप्टेंबर २०२३ च्या कागदावर हे सारे होते. दोन वर्षांनी ते उपोषणाच्या मांडवात, कॅमेऱ्यांसमोर सांगावे लागले, आणि चर्चा निष्फळ ठरली. एका निवृत्त न्यायाधीशाला त्याच्या अधिकाराबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उभे करणे हा त्यांच्यावरही अन्याय होता आणि आंदोलकांवरही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळ उपसमितीचे अध्यक्ष राधाकृष्ण विखे पाटील यांनी आझाद मैदानावर जाऊन हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय दिला आणि आंदोलन संपले. समितीच्या शोधातली पोकळी या निर्णयाने वेगळ्या रीतीने भरायचा प्रयत्न केला. गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती स्थापन झाली. ज्याच्याकडे शेतजमिनीच्या मालकीचा पुरावा नाही अशा भूधारक, भूमिहीन किंवा बटाईने शेती करणाऱ्या मराठा व्यक्तीने आपण किंवा आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या गावात राहत होतो, असे प्रतिज्ञापत्र द्यायचे. गावातल्या किंवा कुळातल्या कोणाकडे कुणबी दाखला असेल आणि तो नातेसंबंधाचे प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, तर गावसमिती चौकशी करून अहवाल देणार. निर्णयाच्या पहिल्या प्रतीतला ‘पात्र’ हा शब्द दुसऱ्या प्रतीत गळाला, यावर भुजबळ यांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या मंत्रिमंडळ बैठकीला ते गेले नाहीत.

त्या महिन्याच्या १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात काही ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हस्ते दाखल्यांचे वाटप झाले. ओबीसी संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासन निर्णयाला अंतरिम स्थगिती द्यायला नकार दिला, याचिका मात्र सुनावणीला ठेवल्या. दाखला हाती आलेल्या अर्जदारालाही शिक्षणातल्या किंवा नोकरीतल्या राखीव जागेसाठी जात पडताळणी समितीपुढे जावे लागते. तिथे त्याच्या कागदांची तपासणी स्वतंत्रपणे होते, आणि नाव, गाव, पिढी व १९६७ पूर्वीची नोंद यांची जुळणी त्याला तिथे पुन्हा दाखवावी लागते.